पंगतीत बसवलेला सायलेन्सर

भावोजी, जीप पास झाली.

पुन्हा सांगते, कारण तुम्हाला एकदा सांगून काही कळलंय असं मला तरी आठवत नाही. जीप पास झाली! आरटीओच्या मैदानावर, सगळ्यांच्या देखत, तुमच्या त्या वाकड्यातिकड्या सायलेन्सरसकट. साहेबांनी खाली वाकून बघितलं, मग आणखी वाकले, मग चक्क रुमाल अंथरून गुडघा टेकला. उठले ते हसत. "हे कुणी बसवलंय हो?" मी म्हटलं, "आमच्या भावोजींनी." ते म्हणाले, "त्यांना सांगा, काम आवडलं." म्हणून सांगतेय.

तुम्ही गेल्यापासून तलासरीच्या घरी येणारा प्रत्येक माणूस ताईसमोर बसून तुमच्या शांत स्वभावाचं कौतुक करतोय. शांत! तुम्ही! ज्यांचा आवाज गॅरेजातून हायवेच्या पलीकडे ऐकू जायचा, ते तुम्ही शांत? ताई मान डोलावते आणि मी उठून चहा टाकायला आत जाते. मला तसलं बोलता येत नाही. आपण दोघं जन्मात कधी एकमेकांशी गोड बोललो नाही, आता कुठून शिकू? तुमचं आजारपण आणि दवाखाना याबद्दलही मी लिहिणार नाही. ते तुम्हाला माहीत आहे आणि मला विसरायचंय. मला फक्त आपलं भांडण संपवायचंय.

दोन आरोप होते. तुमचा माझ्यावर एक, माझा तुमच्यावर एक. दोन्हींचा निकाल लागलाय, भावोजी. पण तो शेवटी सांगणार. तुम्ही तरी गिऱ्हाइकाचा चहा संपल्याशिवाय गाडीचा खरा बिघाड कधी सांगितलात?

तुमचा आरोप सुरू झाला तो लग्नातच. मेहुणीने नवरदेवाच्या चपला लपवायच्या असतात, तशा मी लपवल्या. चूक एवढीच झाली की मी त्या चिकूच्या झाडावर टांगल्या आणि कुठल्या झाडावर ते विसरले. वाडीत सगळी झाडं सारखीच. तुम्ही बाबांच्या रबरी चपला घालून वरातीत गेलात आणि त्या दिवसापासून तुमच्या घरात काहीही हरवलं, की चोर मी. चष्मा गेला, वसू आली होती का? टॉर्च गेली, वसूला विचारा. मला राग यायचा आणि मजाही यायची, आणि तुम्हाला ते बरोबर ठाऊक होतं.

आता जीपचं बोलते.

बाबा गेले तेव्हा आशागडच्या वाडीचं काय करायचं, हा विषय निघाला. दादा वापीला कंपनीत, त्याला सवड नाही. ताई तुमच्याकडे. राहिले मी आणि आई. दादाचं म्हणणं होतं, वाडी ठेक्याने देऊन टाकू, ठेकेदार चिकू उतरवेल, नेईल, आपण घरी बसू. मी म्हटलं, बाबांची जीप आहे, मला चालवता येते, मी माझा माल स्वतः डहाणू रोडच्या बाजारात नेईन. तेव्हा दादा हसला. "कुठली जीप? ती? तिचं पासिंग संपतंय, वसू. तो सायलेन्सर बघ. ती गाडी भंगारात जाणार."

खोटं नव्हतं त्याचं. समुद्राचा वारा खाऊन खाऊन तो सायलेन्सर पापडासारखा झालेला. त्याला इतक्या ठिकाणी वेल्डिंगची ठिगळं, की मूळचा पत्रा कुठला ते कळत नव्हतं. गाडी सुरू केली की कोंबड्या झाडावर चढायच्या. धूर मागे बसलेल्या बायांच्या डोळ्यांत जायचा. चिकू उतरवणारी आमची जानकी एकदा म्हणाली, "बाय, मी पायी येतां, बरां." आणि नवा आणावा म्हटलं, तर ते मॉडेलच बंद झालेलं, तसा सायलेन्सर कुठे मिळत नव्हता.

पासिंग झालं तर जीप आणि वाडी दोन्ही माझ्याकडे. नाही झालं तर जीप भंगारात, वाडी ठेक्याने. आईसमोर, तुमच्यासमोर, ताईसमोर असं ठरलं. मी "चालेल" म्हटलं. आवाज चढवून म्हटलं. तुम्ही पापड मोडत म्हणालात, "गाडी तलासरीला आण. सोमवारी." बस, एवढंच. त्यानंतर तुम्ही भात मागून घेतलात.

त्याआधी मी डहाणूत दोघांना दाखवली होती, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. दोघांचंही म्हणणं एकच. बाजारात दुसऱ्या गाडीचा सायलेन्सर मिळतो, पण तो मोठा आहे, बसायचा असेल तर गिअरबॉक्सखालचा चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, आडवा पट्टा थोडा कापावा लागेल, हँडब्रेकची तार दुसरीकडून घ्यावी लागेल, आणि पाइप मागपर्यंत न्यायची गरजच काय, मधेच बाजूला तोंड काढून देऊ. बाजूला तोंड म्हणजे धूर पुन्हा जानकीच्याच तोंडात. मी परत आले.

तुम्ही जीप गॅरेजातल्या खड्ड्यावर, पिटवर घेतलीत, पोतं अंथरलंत आणि खाली गेलात. मी वर उभी. कितीतरी वेळ तुमचा फक्त श्वास ऐकू येत होता. मग बाहेर आलात, हात पुसलेत आणि म्हणालात, "काही कापायचं नाही."

"मग बसणार कसा?"

"पंगतीत बसतात तसा." आणि मग तुम्ही ते भाषण ठोकलंत, जे पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलंत. बसलेल्या पंगतीतून कुणाला उठवायचं नाही. जो उशिरा आला त्याने आवरून बसायचं, मांडी आखडायची, कोपर आत घ्यायचं. गिअरबॉक्स आधीचा, तार आधीची, पट्टा आधीचा. सायलेन्सर नवा. वळायचं कुणी? नव्याने.

मग तुम्ही मला खाली बोलावून सगळ्या पाहुण्यांची ओळख करून दिलीत. मागची चाकं फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट म्हणजे नवरदेव, नाचणार, त्याला चारी बाजूंनी मोकळी जागा हवी. हँडब्रेकची तार म्हणजे आत्याबाई, धक्का लागला की रुसल्या. डिझेलची टाकी म्हणजे पोटुशी बाई, तिच्याजवळ विस्तव नको. आणि ब्रेकचा पाइप? "ब्रेकचा पाइप सासूबाई. लांबूनच नमस्कार!" आई तेव्हा गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसली होती. तिने ऐकलं. ती म्हणाली, "जावईबापू, लांबूनच करा, तेल लागलंय तुम्हाला."

किती हसलो होतो आपण. आता तुमच्या ओसरीवर बसून लिहितानाही हसते आहे, आणि ताई आतून विचारतेय, काय झालं गं.

वापीहून तुम्ही सामान आणलंत. एका नव्या पिकअपचा सायलेन्सरचा ड्रम, पाइपाचे लांब तुकडे, आणि तो जाळीचा लवचिक जोड. इंजीन थरथरतं, चासी थरथरत नाही, मधे हा नसेल तर पाइप महिन्यात तडकेल, हे तुम्ही मला तिथल्या तिथे समजावलंत. मी विचारलं, पाइप वळवायचा कुठे आणि किती, हे कसं कळणार? तुम्ही इकडेतिकडे बघितलंत आणि माझ्याच गाडीत पडलेला ठिबकचा काळा पाइप उचललात. तो इंजिनापासून मागपर्यंत सगळ्या पाहुण्यांच्या मधून, वरून, बाजूने नेलात, सुतळीने बांधलात. मग अलगद सोडवून जमिनीवर ठेवलात, खडूने त्याची वळणं आखलीत. माझ्या चिकूंना पाणी पाजणाऱ्या पाइपावरून तो सायलेन्सर बेतलाय, हे त्या साहेबांना सांगायचं राहिलं बघा.

पाइप वाकवताना तो चेपू नये म्हणून आत वाळू ठासून भरतात. तुम्ही म्हणालात, वाळू आण. मी उत्साहाने चिंचणीच्या किनाऱ्यावरून पोतं भरून आणली. तुम्ही मूठभर हातात घेतलीत आणि जो आवाज लावलात! "ओली आहे ही! दोन्ही तोंडं बंद करून तापवली तर वाफ कोंडेल, पाइप फुटेल, आणि माझं वर्षश्राद्ध तूच घालशील!" मीही गप्प बसणारी नाही. ताईची चणे भाजायची लोखंडी कढई घेतली, चूल पेटवली आणि वाळू भाजायला बसले. दुपारभर भाजत होते. गॅरेजात येणारे ट्रकवाले विचारायचे, "शू करे छे, बेन?" तुम्ही गंभीरपणे सांगायचात, "आमच्याकडे पाहुण्यांना हेच वाढतात." ताईने ती कढई अजून मला माफ केलेली नाही.

प्रत्येक वळण तुम्ही गॅसवर लाल करून, खडूच्या रेघेवर लावून बघत वाकवलंत. नाही जुळलं की पुन्हा. बॅटरीची तार सोडवून, टाकीवर ओली गोणपाटं टाकून आधी नुसते ठिपके मारलेत, मग बाहेर काढून पक्कं वेल्डिंग केलंत. सगळं छान चाललं होतं आणि मग तो नट आला.

गिअरबॉक्सच्या मागे, त्या आडव्या पट्ट्याच्या आड, जिथे पुढचा पाइप आणि जाळीचा जोड एकमेकांना मिळतात, तिथला वरचा नट. तिथे डोळा पोचत नाही. हात पोचतो, पण हातात पाना असला की पोचत नाही. पट्टा सोडवला तर दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, "सोडवा की, पुन्हा लावता येईल." तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी भर पंगतीत कुणाच्या पुढचं ताट ओढलं. मग तुम्ही तुमचा बारा-तेराचा चांगला रिंग पाना घेतलात, गॅसवर धरलात, आणि वाकवलात. एकदा इकडे, एकदा तिकडे. लावून बघितलात, पुन्हा वाकवलात. शेवटी असा काही आकार झाला की हातात धरल्यावर हसू यावं. पण तो त्या नटावर जाऊन बसला.

"हवे जुओ! आता बघा!" तुम्ही पिटमधून ओरडलात. "असा पाना अख्ख्या तलासरीत नाही!"

मान्य. वापीतही नसेल.

मग गाडी वजनाने दबल्यावर मागचा पाइप अॅक्सलला लागतो का, ते बघायचं होतं. तुम्ही म्हणालात, माल भर. माल कुठून आणू? मी जानकीला आणि तिच्या पाड्यावरच्या बायांना बोलावलं, त्या हसत खिदळत मागे चढल्या, ताईही चढली, आईला पुढे बसवलं. तुम्ही खाली. "हलू नका!" तुम्ही ओरडलात, आणि अर्थातच सगळ्या हलल्या. "आता हला!" तर सगळ्या गप्प. जानकी खाली वाकून म्हणाली, "मिस्त्री दबला त नाय ना?" खालून तुमचा आवाज आला, "बोटभर जागा आहे! बोटभर! जेवा आता पोटभर, तरी लागत नाही!"

शेवटचं आवळून झालं आणि तुम्ही खालूनच म्हणालात, "मार सेल्फ."

मी चावी फिरवली. इंजीन लागलं, आणि मला वाटलं लागलंच नाही. भावोजी, इतका हलका आवाज! कोंबड्या जागच्या जागी. आईने विचारलं, "सुरू झाली का गं?" बाया टाळ्या वाजवायला लागल्या, तुम्ही पिटमधून उडी मारून बाहेर आलात, हात वर, तोंड काळं, आणि तसेच नाचलात. मीही नाचले. दादाला तिथल्या तिथे फोन लावून मी मोबाइल गाडीच्या मागे धरला. तो म्हणाला, "काही ऐकू येत नाही." मी म्हटलं, "तेच तर!"

जीप पास झाली. तेव्हाही झाली. परत येताना आपण विवळवेढ्याला महालक्ष्मीला गेलो, तुम्ही नारळ फोडलात आणि पुढच्या नंबरप्लेटला सोडून मागे जाऊन पाइपाच्या तोंडाला हळदकुंकू लावलंत, वर झेंडूची माळ घातलीत. "नवी सून आहे, ओवाळायला नको?" आशागडपर्यंत गाडीला भाजक्या झेंडूचा वास येत होता.

आणि मग आला तुमचा आरोप. तो वाकडा पाना हरवला. तुम्ही गॅरेज उलटंपालटं केलंत. पत्र्याच्या भिंतीवर प्रत्येक पान्याचा खिळा ठरलेला, तो एक खिळा रिकामा. "वसू, दे." मी म्हटलं, माझ्याकडे नाही. "चपला लपवणारी तू, पाना कोण नेणार? दे." मी आईची शपथ घेतली. तुम्ही म्हणालात, आईची शपथ तू चपलांच्या वेळीही घेतली होतीस. घेतली होती, खरं आहे. पण पाना मी नेला नव्हता, भावोजी! तुम्ही ऐकलंत? तुम्ही सरळ ऑइलपेंटचा डबा उघडलात आणि त्या रिकाम्या खिळ्याखाली लिहिलंत: मेहुणीकडे. लाल रंगात. येणारा जाणारा प्रत्येक ड्रायव्हर ते वाचायचा आणि मी गेले की माझ्याकडे बघून हसायचा.

माझा आरोप थोडा नंतरचा. दिवाळी झाली, रस्ते सुकले, आणि आशागडच्या गतिरोधकावर गाडी उतरली की खालून आवाज यायला लागला. टिक. एकदाच, बारीकसा. मी फोन केला, "तुमचा पाइप वाजतो." तुम्ही भडकलात. गाडी बोलावलीत, प्रत्येक क्लॅम्प हलवून बघितलात, रबरं बघितलीत. "पाइप वाजत नाही. तुझा मागचा फाळका ढिला आहे." फाळका आवळला. टिक. दाराचे बिजागर बदलले. टिक. पावसाळ्यात आवाज बंद झाला, तुम्ही म्हणालात, बघ, फाळकाच होता. पावसाळा सरला, रस्ते सुकले, टिक! मी लगेच फोन, "आता बोला!" वर्षानुवर्षं हेच. तुम्ही म्हणायचात, पाना दे मग पाइप बघतो. मी म्हणायचे, पाइप नीट करा मग पाना शोधते.

गेल्या हिवाळ्यात तो भूकंपाच्या धक्क्यांचा हंगाम सुरू झाला तेव्हाचं आठवतं? मी तलासरीला आले होते. दुपारी जेवून आपण अंगणात खुर्च्या टाकून बसलो होतो, कारण घरात कुणालाच बसवत नव्हतं. जीप उभी होती, बंद. खालून ती घुरघुर आली, पत्रे थडथडले, ताईने देवाचं नाव घेतलं, आणि त्या सगळ्यात, बंद गाडीतून, स्पष्ट आवाज आला. टिक.

मी खुर्चीतून उठले. "ऐकलंत? आता बोला!"

तुमचा चेहरा पांढरा पडलेला, तरी तोंड गप्प नाही. "धरणीमाय हलतेय, आणि तुला माझाच पाइप दिसतो?" ताई भीतीने रडत होती ती हसायला लागली. आपण तिघंही हसत बसलो आणि धक्का कधी थांबला ते कळलंच नाही. तुमचं ते हसणं मी जपून ठेवलंय. त्यानंतर तुम्हाला तसं हसताना मी फारसं बघितलं नाही.

एक गोष्ट कधीच बोलले नाही, ती आता लिहिते. त्या दिवशी पानावर बसल्याबसल्या तुम्ही "सोमवारी आण" म्हणाला नसतात, तर आज मी कुणाच्या तरी घरात बसून ठेकेदाराच्या फोनची वाट बघत असते. माझी वाडी, माझा माल, डहाणू रोडच्या बाजारात "वसूबाई आल्या" म्हणून सरकून मिळणारी जागा, हे सगळं तुमच्यामुळे. तुम्हाला तोंडावर आभार मानले असते, तर तुम्ही ताईला हाक मारून म्हणाला असतात, "हिला ताप बघ." म्हणून मानले नाहीत. आज मानते. आता ताप आला तरी चालेल.

तुमचं तेरावं झालं आणि पुढच्याच आठवड्यात जीपचं पासिंग होतं. दादा आला होता. वाईट नाही तो, तुमच्यासाठी ढसाढसा रडला. पण जाताना म्हणालाच, "वसू, या वेळी भावोजी नाहीत. नाही झालं पास, तर मागचं ठरलेलंच धरायचं ना?" मी मान हलवली.

आणि जीपला नेमका तेव्हाच रोग झाला. पुढून फसफस आवाज, केबिनमध्ये धुराचा वास. हायवेवरच्या एका मेस्त्रीला दाखवलं. तो खाली बघून आला आणि म्हणाला, "गिअरबॉक्समागचा जोड ढिला झालाय. वरचा नट. पाना जात नाही तिथे. आडवा पट्टा कापून वाट करू." मी म्हटलं, "कापायचं नाही." तो म्हणाला, "मग पास नाही व्हायची, ताई." मी म्हटलं, "हात लावू नका," आणि गाडी घेऊन सरळ तलासरीला आले.

ताईने उठून गॅरेजची किल्ली काढून दिली. तुमच्यानंतर पहिल्यांदा दार उघडलं, भावोजी. तेलाचा तो वास आला आणि मी दारातच उभी राहिले. ताई मागून म्हणाली, "जा. उशीर नको." मी जीप पिटवर घेतली आणि खाली उतरले. तुमचं पोतं तिथेच होतं.

दोन पाने लावून बघितले, तिसरा लावला. नाही. मग पाना बाजूला ठेवून नुसता हात घातला, निदान नट किती ढिला आहे ते तरी कळेल म्हणून. पानांच्या आड दडलेला चिकू जसा न बघता बोटांनी शोधतात, तशी बोटं वर सरकवली. नट लागला. फिरत होता. बोटं आणखी वर गेली, पट्ट्याच्या आतल्या खोबणीत. तिथे सुकलेली माती, आणि मातीत काहीतरी थंड. हललं. टिक.

टिक, भावोजी!

मी ओढलं. मातीचा ढेकूळ तोंडावर पडला आणि हातात आला तो तुमचा बारा-तेराचा वाकडा पाना. एकदा इकडे वाकलेला, एकदा तिकडे. तुम्ही शेवटचा नट आवळलात, हात मोकळा हवा म्हणून पाना वर खोबणीत ठेवलात, "मार सेल्फ" म्हणालात, गाडी लागली, आणि तुम्ही नाचायला बाहेर आलात! पावसाळ्यात चिखलात रुतायचा, म्हणून गप्प. माती सुकली की सुटा व्हायचा आणि वाजायचा. तुम्ही दरवेळी खाली गेलात आणि स्वतःचा पाइप निर्दोष आहे हे बघून बाहेर आलात. वर हात घातलातच नाही.

मी पिटमध्ये बसून हसले, रडले, दोन्ही केलं. ताई वरून विचारतेय, "लागलं का गं? कुठे लागलं?" मी नुसता पाना वर धरला. तिने तो बघितला आणि काठावरून खाली वाकली. म्हणाली, "अगं, ह्यांनी तुला किती शिव्या घातल्या याच्यासाठी!"

मग मी तो पाना नटावर चढवला. जाऊन बसला, आपल्या घरी आल्यासारखा. आवळला. सेल्फ मारला. फसफस गेली. कुणाला उठवलं नाही, काही कापलं नाही. पंगत तशीच बसलेली.

बाकी तुम्हाला सांगितलंच आहे. धूर मोजून झाला, साहेब वाकले, हसले, गाडी पास. दादाला फोन केला, तो म्हणाला, "भावोजी ऐकणार नाहीतच कुणाचं." वाडी माझीच.

तर निकाल ऐका. पाइप वाजत नव्हता. एकदाही नाही. तुम्ही जिंकलात. पाना मी नेला नव्हता. तुम्हीच माझ्या गाडीत ठेवला होतात. मी जिंकले. तुम्ही असतात तर त्या दिवशी तलासरीत आपण दोघांनी मिळून केवढा गोंधळ घातला असता!

आरटीओच्या मैदानावरून परत येताना पाना त्याच्या खिळ्याला लावायला म्हणून गॅरेजात गेले. खिळ्याखाली तुमची लाल अक्षरं. मेहुणीकडे. रॉकेलचं फडकं घेतलं होतं हातात पुसायला. ताई दारात उभी होती. मी फडकं ठेवून दिलं आणि पाना पिशवीत टाकला. म्हटलं, एवढी वर्षं खोटं लिहिलंय, आता खरं होऊ दे.

आशागडच्या पहिल्या गतिरोधकावर गाडी उतरली आणि खालून काहीच आवाज आला नाही. त्या न आलेल्या आवाजाने माझा जीव असा काही कासावीस झाला की मी गाडी कडेला घेतली. पिशवीतून पाना काढला, समोरच्या पत्र्याच्या खणात ठेवला आणि निघाले. दुसरा गतिरोधक आला.

टिक.

"हां," मी म्हटलं. "आता बोला, भावोजी."